एका वेळचं प्रमाण

माझी बायको गेली तेव्हा भेटायला येणाऱ्यांनी दोन गोष्टी न चुकता केल्या. बिस्किटांचे पुडे आणले, आणि ती काय खायची ते विचारलं.

पुड्यांचं मी समजू शकतो. दुःखाच्या घरी रिकाम्या हाताने जायचं नाही आणि मिठाई तर न्यायचीच नाही, या दोन नियमांच्या मधल्या अरुंद जागेत आमच्या मावळात बिस्किटं बसतात. सोबत चहाची पूड आणि साखर. तेराव्यापर्यंत स्वयंपाकघरातलं फडताळ भरलं, मग फ्रीजवरची जागा भरली, आणि उरलेले पुडे मी पुस्तकांच्या कपाटात शब्दकोशांच्या पुढे उभे लावले. घोरावाडी स्टेशनाजवळच्या आमच्या या घरात एवढी बिस्किटं कधी आली नव्हती. तिने येऊ दिली नव्हती.

दुसऱ्या गोष्टीचं मात्र मला अजून नीट समजलेलं नाही. ती एका सकाळी, आधी कसलीही कुरकुर न करता, हृदय बंद पडून गेली. लोक माझा हात हातात घेत, थोडं थांबत आणि आवाज खाली करून विचारत, "काय खायच्या हो त्या?" उत्तरात त्यांना काहीतरी तळलेलं हवं असे, निदान पाकिटातलं तरी. म्हणजे घरी जाऊन निर्धास्त जेवता आलं असतं. मी खरं ते सांगायचो. रोज ताजी भाजी, भाकरी, ताक. बाहेरचं नाही, बंद पाकिटातलं तर नाहीच. ऐकणाऱ्याचा चेहरा उतरायचा. एका गृहस्थांनी बराच विचार करून, "मग ताक आंबट असेल," असं निदान केलं आणि त्यानंतरच त्यांना चहा गोड लागला.

माझा मेव्हणा तिकोणा पेठेच्या बाजूला भातशेती करतो आणि पवना धरणाच्या काठी पर्यटकांसाठी तंबू लावतो. तोही सहा पुडे घेऊन आला.

"अरे, तुझ्या घरी एवढी शेती," मी म्हटलं, "आणि तू बिस्किटं आणतोस?"

"दाजी, भाजी आनली आसती तर लोक म्हनले आसते, ह्यो बहिनीच्या दुखाला आलाय का बाजाराला निघालाय."

"कुठून घेतलेस?"

"तुमच्या कोपऱ्यावरच्याच दुकानातनं. त्यो वळखतो आता. गाडी थांबली की इचारतो, दुखाचं का? व्हय म्हनलं की सहा बांधतो."

पाकिटांशी तिचं भांडण असं नव्हतं. तिला त्यांचं हसू यायचं. मी लोणावळ्याच्या कॉलेजात ग्रंथपाल होतो. निवृत्त होईपर्यंत सकाळच्या लोकलने वर जायचो, संध्याकाळच्या लोकलने खाली यायचो. एकदा येताना चिक्कीचा खोका आणला. तोवर चिक्कीवरही मागे तक्ता छापायची पद्धत पडली होती. मी तो तिला वाचून दाखवला. ऊर्जा इतकी, प्रथिनं इतकी, कर्बोदकं इतकी.

ती म्हणाली, "गूळ आणि दाणे आहेत हे जिभेला कळतंय. बाकीचं कुणासाठी लिहिलंय?"

"गिऱ्हाइकासाठी."

"म्हणजे गिऱ्हाइकाला जीभ नसते?"

तेराव्याच्या दुपारी पाहुणे गेल्यावर मुलगा माझ्यासमोर खुर्ची ओढून बसला. तो पुण्यात राहतो, कंपनीत बऱ्याच वरच्या जागेवर आहे, आणि घरातही बैठक घेतल्यासारखा बोलतो.

"बाबा, तुम्ही इथं एकटे काय खाणार?"

"जे लागेल ते."

"तुम्हाला साधा भात लावता येत नाही. त्यात तुम्हाला डायबेटिस." मग त्याने अट सांगितली. तीन महिने तो बघणार. तीन महिन्यांनी रक्ताचा रिपोर्ट चांगला आला तर मी इथं राहायचं. नाही आला तर या घराला कुलूप आणि मी त्याच्याकडे बाराव्या मजल्यावर.

बाराव्या मजल्यावरची ती खोली मला माहीत होती. तिथे धावायचं यंत्र आहे, त्यावर टॉवेल वाळतात. त्याच्या शेजारी माझी कॉट बसेल असं सुनेने आधीच मोजून ठेवलं होतं. पुस्तकांचं काय, असं मी विचारलं तेव्हा मुलगा म्हणाला की सगळी पुस्तकं आता फोनमध्ये येतात. पण अडचण खोलीची नव्हती, पुस्तकांचीही नव्हती. तिथे तिची आठवण मला पाहुण्यासारखी आली असती, चपला दाराबाहेर काढून. इथे ती घरातल्या माणसासारखी येत होती. हे मुलाला सांगता आलं नाही. मी अट मान्य केली.

त्या दिवसांत मला पुस्तक वाचता येत नव्हतं. वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात हरवायची. आयुष्यभर वाचण्यावर पोट भरलेल्या माणसाला ही मोठी नामुष्की होती. पण काहीतरी वाचल्याशिवाय जेवण उतरत नाही ही जुनी सवय, आणि हाताशी होते ते पुडे. पुड्यावरचा मजकूर थोडक्यात असतो. त्यात कोणी मरत नाही, फार तर मुदत संपते.

मी भिंग घेऊन सगळे पुडे वाचून काढले आणि माझ्या धंद्याला शोभेल अशी त्यांची विषयवार मांडणी केली. साखर न घातलेले वरच्या फळीवर, बहुधान्य मधल्या फळीवर, नुसतेच गोड खालच्या फळीवर. पुस्तकाची स्तुती मागे असते आणि मजकूर आत. पुड्यांचं उलटं. स्तुती पुढे, ठळक, पिकलेल्या गव्हाच्या ओंबीसकट, आणि मजकूर मागे, मुंगीने लिहिल्यासारखा. पुढे साखर नाही म्हणणाऱ्या एका पुड्याच्या मागे साखरेचे चार चुलतभाऊ वेगवेगळ्या नावांनी एकत्र नांदत होते. अशांना मी खालच्या फळीवर हाकललं. माझ्या दृष्टीने मी फार सावध होतो.

तक्त्याच्या डोक्यावर एक ओळ असे: एका वेळचं प्रमाण, दोन बिस्किटं. खालचे सगळे आकडे त्या दोन बिस्किटांचे. दोन बिस्किटांनी कुणाचं जेवण होत नाही, म्हणून मी पुडा संपवायचो आणि आकडे मात्र दोन बिस्किटांचेच मनात धरायचो. छापलेल्यावर विश्वास ठेवायची सवय अशी सहज जात नाही. महिनाभर मी सकाळी बहुधान्य, दुपारी शेजारून आलेलं काही, संध्याकाळी पुन्हा बहुधान्य असा अत्यंत अभ्यासपूर्ण आहार घेतला.

तळेगावचा डॉक्टर अकरावी-बारावीला आमच्या कॉलेजात होता, पुस्तकं उशिरा परत करायचा. त्याने बोटाला सुई टोचली, आकडा पाहिला, आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"सर, काय खाताय?"

"वाचल्याशिवाय काही खात नाही."

"मग काही दिवस वाचू नका," तो म्हणाला.

पुडे मी पोत्यात भरले आणि मेव्हण्याच्या गाडीतून तिकोणा पेठेला घेऊन गेलो. आता ताजं खायचं, मातीतून थेट ताटात, असं मी ठरवलं होतं, आणि त्यासाठी सख्ख्या मेव्हण्याच्या शेताहून चांगली जागा कोणती. धरणाच्या काठी तंबूंच्या रांगेपुढे त्याने पाटी लावली होती. विषमुक्त, मळ्यातलं ताजं, चुलीवरचं. स्वयंपाकाच्या पत्र्याच्या शेडमध्ये फ्लॉवर, ढोबळी मिरची आणि टोमॅटोचे प्लास्टिकचे क्रेट एकावर एक रचले होते. शेजारी आलं-लसणाच्या तयार वाटणाची बादली.

"हे कुठलं?"

"मार्केट यार्डातलं."

"आणि पाटीवर मळ्यातलं लिहिलंय."

"मळ्यातलंच हाय की. कुनाच्या तरी मळ्यातलं आसंलच."

"कुणी विचारत नाही?"

"इचारत्यात. आदी फोटू काढत्यात, मग खात्यात, मग इचारत्यात. तवर पोटात गेलेलं आसतं."

"आणि तुमच्या शेतातली भाजी?"

"ती आमी खातो. तिच्यात अळी निघती, दाजी. पावण्यांला ताजं लागतं, पन अळी चालत न्हाई."

माझ्या पोत्यातली बिस्किटं पाहून तो खूश झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पितळी ताटलीत घालून गावरान न्याहारीच्या चहाबरोबर तंबूतंबूंत गेली. बहिणीच्या दुखाची बिस्किटं होती ती. मुंबईहून आलेल्या एका बाईंनी ताटलीचा फोटो काढला.

मी निघालो तेव्हा त्याने इंद्रायणी तांदळाचं एक गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलं. "घरचा हाय. खत न्हाई, औषद न्हाई, वर कागद बी न्हाई. पोटभर खावा, काय व्हत न्हाई."

हे माझ्या मनासारखं बोलणं होतं. शेजारच्या वहिनींनी पाण्याचं माप दाखवलं आणि मी भात लावायला शिकलो. झाकण काढलं की सबंध घरात तो वास पसरायचा. त्यावर मेतकूट आणि तूप. निवृत्तीनंतर प्रथमच काहीतरी नवीन आल्याचा आनंद, त्यात वर कागद नसल्याचा नैतिक आनंद. दोन आठवड्यांनी डॉक्टरने पुन्हा सुई टोचली, आणि आकडा बिस्किटांच्याही वर गेला होता.

"अरे, पण हा घरचा तांदूळ आहे," मी म्हटलं. "काही घातलेलं नाही त्यात."

"भात कुणाच्या शेतातला आहे ते रक्ताला कळत नाही, सर. किती खाता?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की मला माहीत नाही. आजचंच नव्हे, कधीचंच. पासष्ट वर्षांच्या आयुष्यात मी स्वतःच्या ताटात स्वतः वाढून घेतलं नव्हतं. आधी आईने वाढलं, मग बायकोने. ताट समोर यायचं, मी पुस्तकातून डोकं वर काढायचो, आणि ताट रिकामं झालं की जेवण झालेलं असायचं. आमच्या घरांतून पुरुष असेच जेवतात. डॉक्टरही तसाच जेवत असणार, पण तो पलीकडच्या खुर्चीवर होता.

घरी येताना लोकलमध्ये मी तिचं वाढणं आठवत बसलो. आधी मुळा किंवा काकडी. मग पालेभाजी, ताटाचा निम्मा भाग व्यापेल एवढी. दीड भाकरी. भात सगळ्यांत शेवटी, एक डाव, आणि मी मान वर करायच्या आत पातेलं उचललेलं. पाहुण्यांसमोर मी याचा विनोद करायचो, "आमच्याकडे भात दर्शनापुरता असतो." लोक हसायचे. ती पातेल्यावर झाकण ठेवायची. माझी साखर वर्षानुवर्षं ताब्यात होती, आणि मी कॉलेजातल्या स्टाफरूममध्ये तरुण प्राध्यापकांना संयमावर व्याख्यानं द्यायचो. मनाचा निग्रह असला की काहीही शक्य आहे, असं मी सांगायचो, तिने भरलेला डबा उघडता उघडता.

तोपर्यंत दोन महिने संपत आले होते. मी स्टेशनाच्या पायऱ्यांपाशी भाजी घेऊन बसणाऱ्या मावशींकडे गेलो. त्या जवळच्या खेड्यातून सकाळच्या गाडीने येतात. बायको त्यांच्याकडूनच घ्यायची. मी त्यांच्याकडे याआधी एकदाच गेलो होतो, डॉक्टरने बिस्किटं सोडायला सांगितली त्याच दिवशी, उत्साहाच्या भरात.

"गेल्या येळंला बारसं आसल्यागत भाजी नेली व्हती," त्या म्हणाल्या. "कुटं गेली?"

"वाळली."

"वाळली न्हाई भाऊ, सडली. वाळवाया बी ध्यान द्यावं लागतं."

"मावशी, ती किती घ्यायची?"

"बाई? एक जुडी. दोन मानसांना एक जुडी."

"मग मला अर्धी द्या."

"आर्धी मी देत न्हाई. दोन दीस खावा, न्हाईतर पावना बोलवा."

"मेथीत साखर वगैरे काही असते का?"

त्यांनी माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं. "माती आसती. तीनदा धुवा."

मेथीची एक जुडी निवडायला मला आंघोळीनंतरपासून अकरापर्यंतचा वेळ लागला. मुळं वेगळी, पिवळी पानं वेगळी, जाड देठ वेगळे, मध्येच एक गवताची काडी, तीही हिरवीच. तीनदा धुतली, तिन्ही वेळा पाणी गढूळ. सगळं करून कढईत घातली तर मूठभर उरली. ताजं खा, असं सांगणाऱ्यांचे लेख मी बरेच वाचले आहेत, आमच्या कॉलेजच्या वार्षिकात मी स्वतःही एक लिहिला होता. त्या सगळ्यांत जुडी निवडायला बसलेलं माणूस कुठेच नव्हतं. माझ्या लेखात तर नव्हतंच. तो लिहिला त्या दिवशी ती तीन फुटांवर बसून काय करत होती ते मला आता अंदाजाने सांगता येईल.

भाकरी मला शेवटपर्यंत गोल जमली नाही. पण उरलेल्या दिवसांत मी एवढं शिकलो: काकडी आधी, भाजी निम्मं ताट, भात एक डाव, आणि मग पातेलं उचलून आत नेऊन ठेवायचं. शेवटचं सगळ्यांत कठीण. वाढणारा आणि जेवणारा एकच असला की पातेलं उचलताना दोघांत भांडण होतं. निम्म्या वेळा जेवणारा जिंकायचा.

तीन महिने झाले त्या रविवारी मुलगा आणि सून आले. रक्त मी गुरुवारी दिलं होतं, रिपोर्ट मुलाच्या फोनवर येणार होता. येताना सुनेने डबे आणले. चिरलेली काकडी, सोललेलं डाळिंब, मोड आलेले मूग. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी चिकटवलेली, आत काय आहे आणि त्यात काय काय आहे. काकडीतही काकडीशिवाय बरंच काही असतं असं त्यावरून समजलं. मुलाने गाडीतून माझ्यासाठी एक रिकामी मोठी बॅगही काढली आणि ती दाराशी उभी केली.

"बाबा, तुम्ही केलंय जेवण?" सून म्हणाली.

"केलंय. हसणार असाल तर आधी हसून घ्या."

सुनेच्या फोनमध्ये एक सोय आहे. पुड्याचा काळ्या रेघांचा चौकोन दाखवला की तो पुडा खाण्यालायक आहे की नाही ते सांगते, आणि ताट दाखवलं तर ताटाचंही सांगते. तिने माझ्या भाकरीवर फोन धरला. फोनने थोडा वेळ घेऊन तो पिझ्झा आहे असं सांगितलं, वरचं सगळं काढलेला. मेथीला त्याने शेवाळ म्हटलं.

"अगदीच चुकलेलं नाही," ती चव घेत म्हणाली. "बाबा, मीठ राहिलंय."

मुलगा पाटावर बसला होता, समोर रिकामं ताट. मी भाजीचं भांडं त्याच्या पुढे सरकवलं. तो फोनमध्ये बघत राहिला. मी भाकरी सरकवली. तो बघत राहिला. रिपोर्टची वाट बघत असावा असं मला आधी वाटलं. मग कळलं की तो वाढण्याची वाट बघत होता. मी काकडी वाढली, निम्मं ताट भाजी वाढली, भाकरी वाढली. तो जेवू लागला. शेवटी एक डाव भात वाढला आणि पातेलं आत नेऊन ठेवलं.

"भात संपला?" त्याने विचारलं.

"आहे."

"मग द्या की थोडा."

"नाही."

त्याने आईकडे तक्रार करायला मान वळवावी तशी मान वळवली. तिथे सून होती. ती स्वतःच्या हाताने स्वतःच्या ताटात मूग वाढून घेत होती.

"तुझं पोट बघ," ती त्याला म्हणाली. "बरोबर वाढलंय त्यांनी."

रिपोर्ट आला तेव्हा तो हात धुवत होता. सुनेनेच वाचला. आकडा चांगला नव्हता. डॉक्टरच्या रेषेच्या वरच होता, थोडा. ती बराच वेळ फोनकडे बघत राहिली आणि मी दाराशी उभ्या असलेल्या बॅगेकडे. मुलगा टॉवेलला हात पुसत आला आणि म्हणाला, "बाबा, आपलं ठरलं होतं."

"ठरलं होतं," मी म्हटलं.

"वरच आहे ना आकडा?"

"वर आहे," सून म्हणाली. "पण ह्यात बिस्किटांचा महिनासुद्धा मोजलेला आहे. तीन महिन्यांची सरासरी असते ती. आणि आपल्याकडे त्यांना वाढणार कोण? तू? तुला स्वतःला भाकरी घेता येत नाही. ते इथंच राहू देत. तुला ठेवू या का त्यांच्याकडे तीन महिने?"

मुलगा हसला नाही. त्याने बॅग उचलून गाडीत ठेवली, आणि परत येऊन नवीन अट सांगितली. रोज दुपारी जेवायच्या आधी ताटाचा फोटो पाठवायचा. एक दिवस चुकला तर पुढच्या रविवारी बॅग परत येईल. मला ही अट अपमानास्पद वाटली आणि मी ती लगेच मान्य केली.

सोमवारी मी चाकवत केला, भाकरी केली, भात लावला. वाढून घेतलं, खिडकीच्या उजेडात ताट ठेवलं, फोटो पाठवला आणि जेवायला बसलो. पहिला घास घ्यायच्या आत सुनेचा निरोप आला. भात जास्त वाटतोय.

मी ताटाकडे नीट पाहिलं. भात जास्तच होता. निम्मा उचलून परत पातेल्यात टाकला, झाकण ठेवलं आणि पातेलं आत नेलं.